वापरलेलं पण चांगलं

१२ नोव्हेंबर

आज नांदेडला उमादेवी मॅडमनी माझी प्रयोगवही तपासली. मॅडम माझ्या पीएच.डी.च्या गाइड. तीन ठिकाणी लाल रेघ मारली. एका ठिकाणी मी लिहिलं होतं, "आज एन्झाइम नाराज दिसतं." मॅडम म्हणाल्या, "मृत्युंजयराव, प्रयोगवहीत आकडे लिहायचे. मतांसाठी वेगळी वही करा."

म्हणून बसस्टँडसमोरच्या दुकानातून ही वही घेतली. ही मतांची वही. ही कोणी तपासणार नाही.

पहिलं मत असं, की वय वर्षं सत्तेचाळीस हे पीएच.डी.ला जास्त आहे. लातूरच्या कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवतो, नोंदणी नांदेडच्या विद्यापीठात, चालू वर्ष आठवं. दोन मुदतवाढी झाल्या. तिसरी आणि शेवटची ३१ मार्चला संपते. त्यानंतर नोंदणी रद्द, आणि पुन्हा करायची तर प्रवेशपरीक्षेपासून, पंचविशीतल्या पोरांच्या शेजारी बसून. माझ्यानंतर कॉलेजात लागलेले तिघे डॉक्टर झाले. त्यांतल्या एकाचा विषय गांडूळ होता.

१६ नोव्हेंबर

मेहुणे संगप्पा जेवायला आले होते. त्यांची तुरीची आडत आहे. हात धुता धुता म्हणाले, "दाजी, आठ वर्सं झाली, तुरीत काय शोधून राहिलात? आम्ही तर दिवसाला दोन ट्रक बघतो. काय न्हाई तिच्यात."

त्यांना समजावून सांगितलं. तुरीच्या दाण्यात युरिएज नावाचं एन्झाइम असतं. त्याच्या अंगावर गंधकाचे काही गट असतात, त्यांना सल्फहायड्रिल म्हणतात. ते आधी मोजायचे. मग रसायन घालून एकेक बंद करत जायचं आणि एन्झाइम कधी काम सोडतं ते बघायचं. म्हणजे कोणता गट कामाचा आणि कोणता नुसता हजेरीपटावर, ते कळतं.

"म्हंजे हापिसातली माणसं मोजल्यासारखंच की," संगप्पा म्हणाले.

इतकं सोपं करून मला कोणी सांगितलं नव्हतं. मोजायची रीतही सोपी आहे. एलमनचं रसायन घातलं, की दर गटामागे ठरावीक पिवळा रंग येतो. पिवळा किती ते यंत्र सांगतं. पहिली सात वर्षं एन्झाइम शुद्ध करण्यात गेली, मोजणी यंदा सुरू केली. आजवर ज्यांनी हे मोजलं त्यांना सहाच्या आसपास मिळाले. मला मिळाले आठ पूर्णांक चार.

लोकांनी नीट मोजलं नसावं.

२२ नोव्हेंबर

आज आठवा दिवस, म्हणून कॉलेजात नळ आला. डिस्टिल पाण्याचा संच फक्त नळाच्या दिवशी चालतो, कारण थोडं डिस्टिल पाणी करायला बादल्याच्या बादल्या पाणी वाहतं ठेवावं लागतं. पंढरी, आमचा प्रयोगशाळा परिचर, ते वाहतं पाणी पिंपांत भरून ठेवतो. त्यावर विभागाची फरशी, कूलर आणि बायकांच्या स्वच्छतागृहाचे चार दिवस निघतात.

आता माझ्या कामाचं. गंधकाचे गट हवेने खराब होतात, म्हणून एन्झाइम साठवताना त्यात मर्कॅप्टो घालतात. मर्कॅप्टोतही तोच गंधकाचा गट असतो, तो आधी खराब होतो आणि एन्झाइम वाचतं. मोजायच्या आधी मात्र हा मर्कॅप्टो धुऊन काढावा लागतो. एन्झाइम एका पातळ पिशवीत भरायचं, तोंड बांधायचं आणि पिशवी लिटरभर पाण्यात सोडायची. एन्झाइम आत राहतं, मर्कॅप्टो झिरपून पाण्यात उतरतो. असं चार पाण्यांत. (त्या पाण्यात मापाची मिठं असतात, त्याला बफर म्हणतात. मी पाणीच म्हणतो.)

पुस्तकात लिहिलंय, दर वेळी जुनं पाणी टाकून द्यावं. ते पुस्तक लिहिणारा लातूरचा नव्हता. चार लिटर डिस्टिल पाणी, एकदा पिशवी बुडवली म्हणून मोरीत? पहिलं पाणी मी पंढरीला झाडाला घालायला देतो. बाकीची तिन्ही मोठ्या कॅनमध्ये ओततो आणि कॅन थंड कपाटात ठेवतो. पुढच्या वेळी धुवायला तेच. कॅनवर माझ्या अक्षरात चिठ्ठी आहे, "वापरलेलं पण चांगलं".

ब्लँकला मात्र हे पाणी मी कधीही वापरत नाही. ब्लँक म्हणजे एन्झाइम नसलेली, नुसत्या पाण्याची कुपी. तिचा रंग एन्झाइमच्या रंगातून वजा करायचा असतो, म्हणून तिला पाणी कोरं, ताजंच. तिथे काटकसर नाही. पूजेचं पाणी वेगळं आणि भांड्यांचं वेगळं, हे आमच्याकडे लहान मुलालाही कळतं.

५ डिसेंबर

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी प्रकल्पासाठी माझ्याकडे दिली आहे. लुंबिनी. गाव उमरी, इथे वसतिगृहात राहते. तिला माझंच एन्झाइम, माझीच मोजणी दिली. दोघांचे आकडे जुळले, तर प्रबंधाला बळकटी येते.

पहिल्याच दिवशी तिने पिशवी धुतलेलं पाणी सरळ मोरीत ओतलं. मी धावलो तोवर तीन लिटर गेलं होतं. पंढरी म्हणाला, "सर, मी थांबा म्हणून राहिलो, पण पोरगी ऐकंना." आता नांदेडकडच्या माणसाला काय सांगणार? उशाशी गोदावरी घेऊन झोपणारे लोक.

मी तिला कॅन दाखवला. तिने झाकण उघडलं आणि लगेच लावलं. म्हणाली, "सर, ह्याला वास येतोय."

"रसायनाच्या खोलीत मोगऱ्याचा येणार का?" मी म्हटलं.

हसली नाही. मात्र माझा कॅन तिने वापरलाही नाही. नळाच्या दिवशी संचाजवळ बसून स्वतःपुरतं पाणी करते आणि काम झालं की ओतून देते. मी खोलीत असलो तर हळू ओतते.

१९ डिसेंबर

लुंबिनीचा आकडा पाच पूर्णांक नऊ. माझा आठ पूर्णांक नऊ. तिला सांगितलं, हात बसायला वेळ लागतो, निराश होऊ नकोस.

"मी निराश न्हाई, सर," ती म्हणाली.

३ जानेवारी

माझा आकडा नऊ पूर्णांक सात. दर महिन्याला वाढतो आहे. हात बसत चालला, दुसरं काय. आठ वर्षांची तपश्चर्या आता फळाला येते असं दिसतं.

लुंबिनीचे तीन आकडे: सहा पूर्णांक एक, पाच पूर्णांक नऊ, सहा. एकच चूक तिन्ही वेळा तितक्याच नेमकेपणाने करणं हीही एक कला म्हणायची.

१५ जानेवारी

काल संक्रांत. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी मला तिळगूळ दिला, पण हात लांब करून. प्राध्यापक मंडळींत मत्सर असतोच. माझं काम संपत आलंय हे बाहेर पसरलेलं दिसतं.

घरी बायकोचं, मंजुषाचं, सोवळं वाढलंय. आधी शर्ट गच्चीवर वाळत टाकायचा, मग अंघोळ, मग घरात. सकाळी लिंगपूजेला माझ्या शेजारी बसायची, आता मी उठल्यावर बसते. माहेरी कोणीतरी शास्त्रीबुवा भेटला असेल. मी काही बोलत नाही. या वयात बायका धर्माकडे वळतात.

विभागासमोरची जास्वंद वाळली. पंढरी रोज पाणी घालतो तरी वाळली. यंदा थंडी विचित्र आहे.

२५ जानेवारी

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

गट बंद करायचं रसायन म्हणजे मॅलिमाइड. ते गंधकाच्या गटाला जाऊन चिकटतं आणि सोडत नाही. लुंबिनीच्या एन्झाइमला लावलं, पंधरा मिनिटांत एन्झाइम मेलं. माझ्याला तेवढंच लावलं, तासाभराने बघतो तर काम चालूच!

दुपारभर येरझाऱ्या घातल्या. मग सुचलं. सहा गट सगळ्यांना दिसतात. माझा आकडा आता साडेदहाच्या वर गेलाय, म्हणजे माझ्या एन्झाइमवर त्याहून साडेचार-पाच जास्त आहेत. हे वरचे गट पहारेकरी आहेत. मॅलिमाइड आलं की ते पुढे होतात, विष स्वतःवर घेतात आणि कामाचा गट वाचतो. चौथ्या प्रकरणाला नाव दिलं: "तुरीच्या युरिएजमधील पहारेकरी गट". असं आजवर कोणीही मांडलेलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते पंढरीला दिसू नये म्हणून खिडकीकडे गेलो.

मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ब्लँक?"

"ताज्या पाण्याचा, मॅडम."

"हं," मॅडम म्हणाल्या. आनंदाने माणूस कधी कधी अबोल होतो.

१३ फेब्रुवारी

आज लुंबिनीच्या प्रकल्पावर शेरा लिहिला. "हाताची अचूकता कमी. मोजणी पुन्हा करावी." याचा अर्थ तिचा प्रकल्प या सत्रात पूर्ण धरला जाणार नाही. तिला हैदराबादच्या एका संशोधन संस्थेतून मुलाखतीचं बोलावणं आहे, २ एप्रिलला. तिथे प्रकल्प पूर्ण झाल्याचं पत्र लागतं.

तिने शेरा वाचला. म्हणाली, "सर, एकदा तुमच्या कॅनमधलं पाणी ब्लँकला लावून बघू का?"

ब्लँकला वापरलेलं पाणी! आठ वर्षांत असलं काही ऐकलं नव्हतं. चांगलंच झापलं तिला. पाया कच्चा राहिला की पोरं भलतंसलतं विचारतात.

तिने वही मिटली, टेबलावर सांडलेलं पुसलं, आपल्या चारही कुप्या धुऊन पालथ्या घातल्या आणि गेली. पंढरी सांगत होता, संध्याकाळच्या गाडीने उमरीला गेली. ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

ही मतांची वही आहे, म्हणून लिहितो. तिचे सहा विभागाच्या कपाटात राहिले, तर परीक्षक माझ्या अकराकडे बोट दाखवतील. एकच एन्झाइम, एकच खोली आणि दोन आकडे. शेरा लिहिताना हे माझ्या मनात होतं. शेऱ्यात ते लिहिलेलं नाही.

१ मार्च

संगप्पांनी माझा फ्लेक्स छापून आणला. दहा बाय सहा फूट. वर "डॉ." आणि खाली समाजातल्या एकवीस मान्यवरांचे फोटो. माझा फोटो त्या एकविसांपेक्षा थोडाच मोठा आहे. म्हटलं, अजून प्रबंध द्यायचाय. म्हणाले, "देणार तर हावच की दाजी. मार्चमधी प्रेसवाल्याला सवड नसती."

५ मार्च

मॅडमचा फोन. "प्रबंधावर सही करायच्या आधी चौथ्या प्रकरणाची मोजणी माझ्यासमोर करून दाखवा. इथे, नांदेडला."

हरकत काय? कर नाही त्याला डर कशाला.

१० मार्च

नांदेड. थर्मासमध्ये बर्फ घालून एन्झाइम नेलं होतं. तिथल्या प्रयोगशाळेत नळ उघडला की पाणी येतं. कोणत्याही दिवशी, कितीही वाजता. पोरं नळ सोडून गप्पा मारतात. मला बघवेना, मी दोनदा उठून बंद केला.

पिशवी तिथल्याच ताज्या पाण्यात चार वेळा धुतली. मोजलं. सहा.

पुन्हा मोजलं. सहा. मॅलिमाइड घातलं, एन्झाइम पंधरा मिनिटांत मेलं. पहारेकऱ्यांचा पत्ता नाही.

मॅडम खुर्चीत बसून होत्या. मी म्हटलं, "मॅडम, पाण्यात दोष आहे. माझं पाणी आणतो."

"आणा," मॅडम म्हणाल्या.

१२ मार्च

लातूर–नांदेड एस.टी.ने कॅन आणला. पायाशी ठेवला होता. चाकूरच्या पुढे लोक खिडक्या उघडायला लागले. अहमदपूरला कंडक्टरने गाडी थांबवून सगळ्या सीटखाली उंदीर शोधला. मागच्या एक बाई म्हणाल्या, "उंदीर न्हाई बाप्पा, हे गॅस हाय, उतरवा समद्यांला." वीस मिनिटं गेली. काहीच सापडलं नाही. एस.टी.च्या गाड्यांची निगा कोणी राखत नाही, हेच खरं. लोह्यापर्यंत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही, त्यामुळे प्रवास आरामात झाला.

१३ मार्च

सकाळी माझ्या पाण्यात पिशवी धुतली. ब्लँक ताज्या पाण्याचा. मोजलं.

अकरा पूर्णांक दोन!

मी मॅडमकडे बघितलं. अहंकार वाईट, पण त्या क्षणी मला गळ्यात हार असल्यासारखं वाटलं. मॅडम उठल्या, कॅनजवळ गेल्या, झाकण फिरवलं, थोडं वाकल्या आणि झाकण परत लावलं. त्यांनी नाकाला पदर लावला. मीही वाकून हुंगलं. मला तर पाण्यासारखं पाणी वाटलं.

"आता ब्लँक ह्याच कॅनमधल्या पाण्याचा लावा," मॅडम म्हणाल्या.

मी कुपीत कॅनमधलं पाणी घेतलं. एन्झाइमचा थेंबही नाही, नुसतं पाणी. त्यात एलमनचं रसायन घातलं.

ब्लँक पिवळा झाला.

१३ मार्च, दुपारी

विद्यापीठाच्या कँटीनमध्ये बसून लिहितो आहे.

वजाबाकी केली तर सहा पूर्णांक एक. म्हणजे पाच पहारेकरी माझ्या कॅनमध्ये होते. दर खेपेला पिशवीतून मर्कॅप्टो पाण्यात उतरत होता आणि तेच पाणी मी जपून ठेवत होतो, म्हणून दर महिन्याला आकडा वाढला. हात बसत नव्हता, कॅन भरत होता. मॅलिमाइड त्या मर्कॅप्टोलाच चिकटून संपत होतं, म्हणून माझं एन्झाइम जगत होतं. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी हेच शिकवतो.

मॅडमना म्हटलं, "चौथं प्रकरण काढलं तर प्रबंधात काय उरतं?"

"तूर," मॅडम म्हणाल्या. मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "मृत्युंजयराव, सहा आकडा लिहून नवं प्रकरण करायला चार महिने लागतील. तुमच्याकडे अठरा दिवस आहेत. अकरावर मी सही करणार नाही. दुसरं कोणी करत असेल तर मी आडवी येणार नाही."

गाइड बदलून सही देणारे एक जण मला माहीत आहेत. गांडूळवाल्यांना त्यांनीच दिली होती. कँटीनमध्ये बसून त्यांचा नंबर दोनदा काढला. एकदा रिंगही दिली, पण त्यांनी उचलायच्या आत बंद केला. मॅडमशिवाय हे कोणालाच माहीत नाही, असं मनात येत होतं.

ते खरं नाही. लुंबिनीला फेब्रुवारीत माहीत होतं.

१४ मार्च

लातूरची गाडी सोडली आणि रेल्वेने उमरीला गेलो. मला स्वतःची फार लाज वाटत होती, आणि वाटेत भाषण तयार केलं तरी ती कमी झाली नाही.

घर शोधायला वेळ लागला नाही, "हैदराबादला जाणारी पोरगी" म्हटल्यावर सगळ्यांनी हात दाखवला. दारात तिची आजी पारूबाई बसल्या होत्या. "मास्तर आले गं," असं आत ओरडल्या आणि स्वतः उठून माझ्यासाठी तांब्या घेतला. तो भरलेलाच होता. त्यांनी ते पाणी अंगणात भिरकावलं, तांब्या विसळला, तेही पाणी भिरकावलं आणि नवं भरून दिलं. माझा हात आपोआप पुढे झाला होता.

"असू द्यायचं होतं, आजी. चांगलं होतं की ते."

"सकाळचं होतं ते. पाव्हण्याला शिळं पाणी देत्यात व्हय?"

लुंबिनी बाहेर आली. भाषण आठवेना. म्हटलं, "तुझे सहा बरोबर आहेत."

"मला म्हाईत हाय, सर."

"मग भांडली का नाहीस?"

ती उंबऱ्यावर बसली. "भांडले असते तर तुम्ही शेऱ्यात वागणुकीचं पण लिव्हलं असतं. हाताचं लिव्हलं ते बरं. हात सुधारतो म्हणून सांगता येतं."

मी म्हटलं, शेरा बदलतो, पत्र लगेच देतो. ती म्हणाली, "नुसता बदलू नका, सर. कारण लिव्हा. न्हाईतर लोक म्हणतील, घरी येऊन मास्तरच्या पाया पडली आन पत्र घेतलं."

कारण लिहिलं की ते विभागाच्या कागदावर येणार आणि तिथून विद्यापीठात जाणार. मग दुसऱ्या कोणाच्या सहीचा प्रश्नच उरत नाही. हे तिला कळत होतं की नाही, माहीत नाही. कळत असावं.

पाणी सगळं प्यालो. तांब्यात ठेवलं नाही.

१६ मार्च

जुना शेरा खोडून नवा लिहिला. इथे उतरवून ठेवतो.

"विद्यार्थिनीची मोजणी अचूक आहे. मार्गदर्शकाने आपलं एन्झाइम वापरलेल्या पाण्यात धुतलं आणि ब्लँक ताज्या पाण्याचा लावला, त्यामुळे मार्गदर्शकाचा आकडा चुकला. विद्यार्थिनीने हे १३ फेब्रुवारी रोजी लक्षात आणून दिलं होतं, ते मार्गदर्शकाने ऐकलं नाही. प्रकल्प पूर्ण. श्रेणी: उत्कृष्ट."

विभागप्रमुखांनी दोनदा वाचून विचारलं, "हे असंच जाऊ द्यायचं?" म्हटलं, असंच. एक प्रत मॅडमना पाठवली. पत्र उमरीला रवाना केलं, पोचपावतीसह.

मंजुषाला सांगितलं की यंदा होत नाही, बहुधा कधीच होणार नाही. तिने पोळी तव्यावरून उतरवली, गॅस बंद केला आणि म्हणाली, "अहो, म्हणजे आता तो शर्ट टाकून द्यायचा ना?" मग माझ्याजवळ येऊन बसली. बऱ्याच महिन्यांनी इतकी जवळ बसली होती.

उद्यापासून दोन आठवडे औशाला परीक्षाकेंद्रावर ड्युटी आहे. बरं झालं. प्रयोगशाळेचं तोंड बघायला नको.

२४ मार्च

औशाहून येताना संगप्पांच्या आडतीवर उतरलो. फ्लेक्स त्यांनी उलटा करून तुरीच्या थप्पीवर टाकला होता. कोपरा वर आला होता तिथे माझा अर्धा चेहरा दिसत होता. संगप्पा ओशाळले. "दाजी, कापड लई भारी हाय त्याचं. वाया घालवू वाटंना."

मी म्हटलं, बरोबर केलंत. आमच्या गावात काहीच वाया जात नाही.

३१ मार्च

औशाची ड्युटी काल संपली. आज नोंदणी संपली. आजच कॉलेजात नळही आला. सकाळी प्रयोगशाळेत गेलो. कॅन नांदेडहून मॅडमनी गाडीने परत पाठवला होता, तसाच, झाकण घट्ट लावून. पंढरीने तो बाहेर व्हरांड्यात ठेवला होता.

मी तो मोरीपाशी नेला. पंढरी आडवा आला. "सर, वीस लिटर हाय. झाडाला तरी घालतो."

"जास्वंद कशाने गेली, पंढरी?"

तो बाजूला झाला. मग म्हणाला, "मला बघवायचं न्हाई," आणि बाहेर गेला.

गावात रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आई गेली. शेवटच्या दिवशी तिला पाणी पाजलं, तर दोन घोट घेऊन तिने तांब्याकडे बोट दाखवलं. उरलेलं परत घागरीत ओत, असं. मी ओतलं. तेव्हापासून माझ्याच्याने पाणी टाकवत नाही. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, मंजुषालाही नाही. आज कॅन धरताना आईला मनातल्या मनात सांगत होतो की हे ते पाणी नाही.

झाकण उघडलं.

दोन आठवडे मी या खोलीत नव्हतो, नाकाची सवय मोडली होती. कॅनचं तोंड माझ्या तोंडाजवळ होतं आणि एकदम मला वास आला. कुजलेली अंडी, हिंग, जळकं रबर, सगळं एकत्र. डोळ्यांतून पाणी आलं, ओकारी आली. कॅन खाली ठेवून दारापर्यंत पळालो. पंढरी व्हरांड्यात उभा होता. त्याने मला बघितलं आणि विचारलं, "आला का, सर?"

"कधीपासून येतोय हा?"

"दिवाळीपासून," तो म्हणाला. "समद्यांला म्हाईत हाय."

नाकाला रुमाल बांधून आत गेलो आणि वीसच्या वीस लिटर ओतले. मग नळ सोडला. मोरी धुतली जाईपर्यंत, चांगली दहा मिनिटं, तो तसाच वाहू दिला.

घरी येऊन ही वही मागे उलटली. ५ डिसेंबर. तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि मी ते माझ्याच अक्षरात लिहून ठेवलं होतं.